पेढीवरचा छोटा काँप्युटर: एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी की पायचा स्वतःचा डेस्कटॉप?

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर, विश्रामबागेतल्या क्लासांत, मिरजेतल्या दवाखान्यांच्या काउंटरवर एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मशीन धडधाकट आहे, चार जीबी रॅम आहे. पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. सगळा हिशेब टॅलीवर असेल तर हे पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, विंडोजचंच मशीन घ्या. पण हळदीच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये, जीएसटी ब्राउझरमध्ये आणि पत्रव्यवहार मराठीत, एवढाच कारभार असेल तर लिनक्सवर आरामात भागतं. मग कुठल्या मशीनवर आणि कुठला डेस्कटॉप (म्हणजे खालची पट्टी, मेनू आणि खिडक्यांची कुठली मांडणी), एवढंच ठरवायचं राहतं.

तीन रस्ते समोर आहेत. पहिला, हाताशी असलेलं मशीन किंवा मोठ्या ऑफिसांतून निघालेला, जाड वहीएवढा सेकंडहँड मिनी पीसी, आणि त्यावर लिनक्स मिंटची, एक्सएफसीई डेस्कटॉप असलेली आवृत्ती. दुसरा, त्याच मशीनवर ल्युबंटू हे दुसरं लिनक्स, त्याचा डेस्कटॉप एलएक्सक्यूटी. तिसरा, रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा एकाच छोट्या बोर्डावरचा काँप्युटर आणि त्याचा स्वतःचा डेस्कटॉप. केडीई प्लाझ्मा हा आणखी एक डेस्कटॉप देखणा आहे आणि लोक म्हणतात तेवढा जडही राहिलेला नाही, पण त्यात सेटिंगांचं इतकं जंगल आहे की दुकानाच्या मशीनवर मी तो टाकणार नाही. घरी हौसेने जरूर वापरा.

दिसण्याबद्दल वाद नको. वॉलपेपर, आयकॉन, काळी थीम हे तिन्हींवर होतं. रॅमच्या आकड्यांवरही फार जाऊ नका. एलएक्सक्यूटी एक्सएफसीईपेक्षा हलका आहे, खरं. पण तो वाचवतो तेवढी रॅम ब्राउझरचा एखादा जड टॅब सहज खाऊन टाकतो. चार जीबी असतील तर हा फरक जाणवत नाही. दोनच जीबी असतील तेव्हा जाणवतो. माझी कसोटी वेगळी आहे: मांडणी बिघडली तर पेढी किती वेळात पुन्हा चालू होते, आणि ती दुरुस्ती फोनवरून सांगून होते का?

पॅनेल गायब होतं तेव्हा

फोन नेहमी असाच येतो. "साहेब, खालचं ते पट्टं गेलं बघा. आता टाइमपण दिसंना." ते पट्टं म्हणजे पॅनेल. समोर सौदे सुरू असतात, शेतकरी पट्टीसाठी थांबलेला असतो आणि दिवाणजींच्या हातून पॅनेलवर उजवी क्लिक होऊन भलतंच काहीतरी दाबलं गेलेलं असतं.

एक्सएफसीईवर याचं उत्तर दोन वाक्यांत सांगता येतं. आल्ट आणि एफ२ दाबा, आलेल्या चौकटीत एक्सएफसीई४-पॅनेल हे नाव टाइप करा, एंटर. पॅनेल फक्त बंद पडलं असेल तर तिथेच परत येतं. मांडणीच उधळली असेल तर 'पॅनेल प्रोफाइल्स' नावाचं छोटं साधन आधीच टाकून ठेवावं. मांडणी एकदा मनासारखी झाली की ती त्यात नाव देऊन साठवायची आणि गरज पडेल तेव्हा एका क्लिकवर परत आणायची. याहून पक्का बंदोबस्तही एक्सएफसीईत आहे. पॅनेलच्या सेटिंगची एक्सएमएल फाइल ईटीसी फोल्डरमधल्या एक्सडीजीखाली ठेवून त्या चॅनेलला 'लॉक्ड' असा गुणधर्म दिला, तर रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, सोडून कुणालाही पॅनेल हलवता येत नाही. पेढीवर तीन माणसं एकच मशीन वापरत असतील तर अर्धा तास काढून हे करून ठेवाच.

एक्सएफसीईची एक खोड मात्र माहीत असलेली बरी. बाहेर पडताना 'सेशन सेव्ह करा' या चौकोनात टिक राहिली, तर त्या क्षणी जे काही उघडं आणि बिघडलेलं असतं तेच दुसऱ्या दिवशी सकाळी समोर येतं. रीस्टार्ट करून करून माणूस थकतो, दुखणं तसंच. ती टिक काढायची, लपलेल्या कॅश फोल्डरातलं सेशन्स हे फोल्डर रिकामं करायचं, की संपलं.

एलएक्सक्यूटीत पॅनेलची सगळी कुंडली एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते: लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात एलएक्सक्यूटी, त्यात पॅनेल. ती फाइल पुसून पुन्हा लॉगिन केलं की मूळचं पॅनेल हजर. इतकं सरळ एक्सएफसीईतही नाही. पण गोम पुढे आहे. ल्युबंटूत खिडक्यांच्या कडा आणि कीबोर्डचे काही शॉर्टकट ओपनबॉक्स सांभाळतो, डेस्कटॉपवरचे आयकॉन फाइल मॅनेजर काढतो, बाकीचं एलएक्सक्यूटी बघतो. म्हणजे एखादं बटण चालेनासं झालं की आधी ते कुणाच्या अखत्यारीत येतं हे शोधायचं. ज्याला याची आवड आहे त्याला मजा येते. दिवाणजींना फोनवरून समजावून पाहा एकदा.

ल्युबंटूबद्दल आणखी दोन गोष्टी. २४.०४ या आवृत्तीला तीनच वर्षांचा सपोर्ट आहे, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत. आणि ल्युबंटूत फायरफॉक्स स्नॅपच्या, म्हणजे सगळं एकत्र गुंडाळलेल्या पॅकेजच्या, रूपात येतो, त्यामुळे जुन्या हार्डडिस्कवर सकाळी पहिल्यांदा उघडताना तो चांगलाच वेळ घेतो. मिंटने स्नॅप बंद ठेवलंय आणि फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजात दिलाय. (खरं तर फिरती हार्डडिस्क काढून साधी एसएसडी टाका. डेस्कटॉप बदलून जेवढा वेग मिळेल त्याहून जास्त त्यातून मिळतो.)

पायवर सल्ला लवकर शिळा होतो

पायचा डेस्कटॉप आधी एलएक्सडीई या जुन्या हलक्या डेस्कटॉपवर बेतलेला होता. २०२१ मध्ये पायच्या सिस्टिमची बुलसाय ही आवृत्ती आली आणि दोन जीबी व त्यावरच्या मॉडेलांवर खिडक्या सांभाळायचं काम मटरकडे गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म या पुढच्या आवृत्तीने पाय ४ आणि ५ वेलँडवर नेले (स्क्रीनवर चित्र काढायची ही नवी पद्धत, जुनी एक्स११), तिथे वेफायर आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेफायरही गेलं आणि लॅबडब्ल्यूसी आलं. म्हणजे तीन वर्षांत तीन बदल. कारणं योग्यच होती, छोट्या मॉडेलांवरही वेलँड नीट चालावं म्हणूनच शेवटचा बदल झाला. पण तुम्ही "पाय चालू होताच ब्राउझर आपोआप कसा उघडायचा" हे शोधायला गेलात की मिळणारी निम्मी उत्तरं एलएक्सडीईच्या काळातली असतात. सांगितलेल्या जागी तुम्ही फाइल बनवता, ओळ अचूक लिहिता, आणि काहीही होत नाही. एररसुद्धा नाही. आता ती ऑटोस्टार्ट फाइल लॅबडब्ल्यूसीच्या फोल्डरात लागते. स्क्रीनचं रेझोल्यूशन बदलण्याची एक्स११ ची जुनी कमांडही इथे चालत नाही, तिचा वेलँडचा भाऊ वेगळा आहे. बूटची कॉन्फिग फाइलदेखील बुकवर्मपासून बूट फोल्डरातून आतल्या फर्मवेअर फोल्डरात गेली. म्हणून पायवर कुठलाही सल्ला वाचताना आधी त्याची तारीख बघायची, मग मजकूर.

एक्सएफसीई याच्या अगदी उलट. ४.१६, ४.१८ आणि ४.२० या आवृत्त्या अनुक्रमे २०२०, २०२२ आणि २०२४ च्या डिसेंबरात आल्या, दोन-दोन वर्षांच्या अंतराने, आणि मेनू जागचे फारसे हलले नाहीत. चार वर्षांपूर्वीचा सल्ला आजही बहुतेक वेळा लागू पडतो. ज्याला वर्षातून दोनदाच सेटिंगला हात लावायचाय त्याच्यासाठी हा संथपणा म्हणजे सोनं.

तरीही पायकडे एक हुकमी पत्ता आहे. सगळी सिस्टिम एका मेमरी कार्डात असते आणि मेनूतच एसडी कार्ड कॉपिअर नावाचं साधन मिळतं. सगळं मनासारखं लावून झालं की दुसऱ्या कार्डावर नक्कल काढा आणि गल्ल्यात ठेवा. बिघडलं की बंद करायचं, कार्ड बदलायचं, चालू करायचं. निदान नको, टर्मिनल नको, फोन नको. नकलेनंतरचं काम कार्डावर नसणार, म्हणून पट्ट्यांच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा दुसरीकडे ठेवायच्या, एवढंच.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, पण त्याबद्दल मोठा गैरसमज दिसतो. ते सिस्टिमच्या फायली मागे नेतं. तुमचं होम फोल्डर मूळ सेटिंगमध्ये वगळलेलं असतं. म्हणजे अपडेट फसलं तर टाइमशिफ्ट वाचवेल, पॅनेलचा विचका झाला तर नाही. सजावटीला हात घालण्याआधी कॉन्फिग फोल्डरची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवायची. हे तिन्ही डेस्कटॉपना लागू आहे.

दुखणं डेस्कटॉपचं की मशीनचं

हे ओळखायला सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे नवा युजर बनवून त्यात लॉगिन करणं. तिथे सगळं ठीक चाललं, तर दोष जुन्या युजरच्या सेटिंगमध्ये आहे, सिस्टिम पुन्हा टाकायची गरज नाही. तिथेही तेच रडगाणं असेल तर थीम आणि पॅनेलच्या मागे लागू नका.

एक प्रकार मात्र मुद्दाम सांगतो, कारण तो सगळ्यांना घाबरवतो. पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट. पासवर्ड चुकीचा असता तर तसं लिहून आलं असतं; इथे तो बरोबर आहे, पण डेस्कटॉप उभा राहता राहता कोसळतोय. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करायचं आणि डीएफ कमांडने जागा बघायची. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर कारण तेच. डाउनलोडमधले जुने व्हिडिओ काढा, पॅकेजांची कॅश साफ करा. जागा भरपूर असेल, तर होम फोल्डरातली लपलेली एक्स-ऑथॉरिटी फाइल कुणाच्या मालकीची आहे ते बघा. कुणी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला असेल तर तिची मालकी रूटकडे गेलेली सापडते. ती फाइल सुडोने पुसली की पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. हे एक्स११ वरचं दुखणं, म्हणजे एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटीवर भेटणारं. पाय वेलँडवर असेल तर तिथे जागा आणि कार्डाची तब्येत तपासायची.

पायची बरीचशी 'सॉफ्टवेअरची' दुखणी मुळात विजेची असतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली किंवा कमी व्होल्टेजची सूचना आली तर आधी चार्जर बदला. मोबाइलचा हाती लागेल तो चार्जर इथे चालत नाही. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा २७ वॅटचा अडॅप्टर लागतो. पाय ५ ला ३ अँपिअरचा लावला तर तो चालू होतो, पण यूएसबीवरची वीज ६०० मिलीअँपिअरवर आवळतो, आणि मग बाहेरची हार्डडिस्क मध्येच गळते. दोष बिचाऱ्या ड्रायव्हरला. व्हीसी-जेन-सीएमडी या साधनाला गेट-थ्रॉटल्ड विचारलं की उत्तर शून्य यायला हवं. दुसरं काहीही आलं तर वीज किंवा उष्णता यांपैकी काहीतरी बोलतंय. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उष्णतेचा मुद्दा खराच आहे. ८० अंशांच्या पुढे पाय स्वतःचा वेग कमी करू लागतो.

मिनी पीसीला पंखा असतो आणि हळदीच्या पेढीवर त्याचे हाल होतात. हंगाम संपल्यावर झाकण उघडलं की पाती पिवळीधमक आणि हीटसिंकच्या फटीत हळद थापलेली. फुंकर मारून निघत नाही, ब्रश लागतो. पायला चांगली ॲल्युमिनियमची बिनपंख्याची केस घातली तर ही कटकट नाही. मशीन कुठलंही असो, सांगलीच्या गावभागात असाल तर ते भिंतीवर उंच लावा. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

आणि प्रिंटर

निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. यार्डात ठिकठिकाणी कॅननचा एलबीपी २९०० दिसतो. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर कंपनीने लिनक्ससाठी दिलाय, पण इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, तिथे तो चालत नाही. हौशी लोकांनी बनवलेला मुक्त ड्रायव्हर आहे, पण तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. मिंटवरही याला थोडी खटपट आहे, तरी होतं. एपसनचे इंकटँक आणि एचपीचे बरेच प्रिंटर तिन्हीकडे फारसा त्रास देत नाहीत. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर तोच प्रश्न: त्या टोकनचा ड्रायव्हर एआरएमसाठी आहे का? नसेल तर पाय बाद.

मराठी टायपिंग मिंटमध्ये सोपं आहे. इन्स्क्रिप्ट आणि कगप हे कीबोर्ड आधीपासून असतात, पॅनेलवर भाषा बदलायचं बटण बसवता येतं, आणि रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर मेनूतल्या इनपुट मेथडमधून आयबस हे टायपिंगचं साधन टाकायचं. पायवर वेलँडमध्ये आयबस कुरकुरतं. मी रास्प-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या साधनातून एक्स११ वर परत जाईन, तशी सोय आहे. श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटांतल्या फायली उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर फाइल खराब झालेली नाही, फक्त तो फाँट नाही. फाँटची फाइल होम फोल्डरातल्या लोकल-शेअर-फाँट्समध्ये टाकून कॅश ताजी केली की मजकूर दिसतो. ज्येष्ठ दिवाणजींसाठी एक्सएफसीईत अपिअरन्सच्या फाँट्स पानावर डीपीआय ९६ चा १२० करा. चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायची वेळ येणार नाही.

तर पट्ट्या, प्रिंटर आणि दोन-तीन वापरणारी माणसं असलेल्या पेढीला मी मिनी पीसी आणि मिंट एक्सएफसीई सांगेन. भिंतीवर दर दाखवायचा पडदा, वाचनालयाचा कॅटलॉग, शाळेतली लॅब अशा ठिकाणी पाय, आणि त्याच्या डेस्कटॉपची फार सजावट न करता. दोन जीबीवर अडकलेल्या जुन्या लॅपटॉपला ल्युबंटू. प्रोसेसर ३२-बिट निघाला तर त्याच्यावर वेळ घालवू नका.

पैसे देण्याआधी एक काम करा. मिंट एक्सएफसीई पेनड्राइव्हवर उतरवा आणि आहे त्याच मशीनवर, काहीही न पुसता, लाइव्ह चालवा. वायफाय सापडतं का, बारकोडचा स्कॅनर कॅल्कमध्ये आकडा टाकतो का, एक पट्टी छापून निघते का, एवढं तिथेच बघून घ्या. ही तपासणी शनिवारी संध्याकाळी करा, सौद्यांच्या वेळी नको.