सीसी सर्टिफिकेट की लायब्ररी कार्पेंट्री: कॉलेजच्या लायब्रेरियनने आधी काय करावं?

बडोद्यातल्या दोन लायब्रेरियन मैत्रिणींनी गेल्या महिन्यात एकच विचारलं, ओपन सायन्स, म्हणजे संशोधनाचे पेपर आणि डेटा सगळ्यांना खुले ठेवणं, शिकायचंय, पण नुसतं शिकायचं नाहीये, प्राध्यापकांना शिकवायचंय आणि प्रिन्सिपलसाहेबांना पटवायचंय, तर कुठला कोर्स करू. मी सीसी आणि लायब्ररी कार्पेंट्री दोन्ही केलेत म्हणून सांगते.

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सीसी, ही आपलं लिखाण इतरांनी कसं वापरावं याची तयार लायसन्स देणारी संस्था. तिचं सर्टिफिकेट दहा आठवड्यांचं, ऑनलाइन, इंग्रजीत, अकॅडमिक लायब्रेरियनसाठी वेगळं आहे. फी ५०० डॉलरच्या आसपास, म्हणजे चाळीस हजारांच्या वर, कॉलेज देईल ही आशा सोडा. पण गंमत अशी की कोर्सचा सगळा मजकूर सीसी बाय (नाव दिलं की कोणीही वापरावं) लायसन्सखाली फुकट वाचायला मिळतो, पैसे जातात ते शिकवणाऱ्याचे, असाइनमेंट तपासण्याचे आणि सर्टिफिकेटच्या कागदाचे. कॉपीराइट, सहा लायसन्स, कुठलं कशात मिसळत नाही, हे इतकं पक्कं होतं की काउंटरवर गडबडायला होत नाही. आमच्याकडे पीएचडीवाली एक मुलगी आली, "ताई, शोधगंगेवर थिसिस गेला की माझा हक्क गेला ना?" यूजीसीच्या नियमाने शोधगंगेला, म्हणजे देशातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहाला, सॉफ्ट कॉपी द्यावीच लागते, पण वाचायला ठेवणं वेगळं आणि कॉपीराइट देऊन टाकणं वेगळं, हे तिला पाच मिनिटांत सांगता आलं, आधी मीच "गाइडना विचार" म्हणून मोकळी झाले असते.

लायब्ररी कार्पेंट्री, म्हणजे लायब्रेरियनना डेटा हाताळायला शिकवणारी कार्यशाळा, तिचं सगळं उलटं. २०१५ ला लंडनमध्ये सुरू झालेलं, धडे फुकट, आणि लेक्चर नाहीच, शिकवणारा टाइप करतो तसं आपण करायचं, अडलं की लॅपटॉपवर लाल चिठ्ठी, जमलं की हिरवी. मी ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आमचं जुनं ॲक्सेशन रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) टाकलं. स्पेस, कॉमा, कॅपिटलच्या चुका क्लस्टर केल्यावर, म्हणजे सारखे दिसणारे शब्द गटात आणल्यावर, झटक्यात एकत्र आल्या, पण बरोडा आणि वडोदरा एकच गाव हे त्याला कुठून कळणार, ते हातानेच केलं! डेटा साफ करणं म्हणजे काय हे असं कळतं, स्लाइडवरून नाही.

पटवण्याचं मात्र दोन्हीकडे पुरेसं नाही. एका कॉलेजात मी युनेस्कोच्या २०२१ च्या ओपन सायन्सवरच्या शिफारशीपासून सुरुवात करून चाळीस स्लाइड दाखवल्या, विसाव्या स्लाइडला अर्धे लोक चहाला. उरलेल्यांतले एक सर म्हणाले, आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, जर्नलची वर्गणी केंद्र सरकारच भरतं, सगळं मिळतं, मग हे कशाला? प्रश्न चुकीचा नाही, पण त्या योजनेचे तीन वर्षांचे ६,००० कोटी मुख्यतः वाचण्याचे आहेत, आपला पेपर बाहेरच्यांनी वाचावा याचे फारसे नाहीत, आणि पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थाच आहेत, आपल्या शेजारच्या खाजगी कॉलेजाला काय? तेव्हा हे सुचलंच नाही, रिक्षात बसल्यावर सुचलं. पुढच्या वेळी स्लाइड सोडल्या, त्याच सरांचा पेपर घेतला, शेर्पा रोमियो (कुठलं जर्नल काय करू देतं हे सांगणारी साइट, आता ओपन पॉलिसी फाइंडर) वर त्या जर्नलची पॉलिसी काढली, जर्नलने स्वीकारलेली आपली प्रत बारा महिन्यांनी रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाकता येते निघालं, सर खुर्ची ओढून पुढे आले.

हे शिकवण्याचं तंत्र मला मिळालं ते ओपन सायन्स ट्रेनिंग हँडबुकातून, २०१८ ला हॅनोव्हरमध्ये चौदा जणांनी एकत्र बसून लिहिलेलं, फुकट आहे. आणि आपल्या गावात सयाजीरावांनी १९१० ला अमेरिकेहून लायब्रेरियन बोर्डनना आणून पुढच्याच वर्षी लायब्ररीचा ट्रेनिंग क्लास सुरू केला होता, म्हणून "आपल्याकडे हे चालत नाही" असं कोणी म्हटलं की मला जरा रागच येतो.

तर थिसिस-कॉपीराइटचे प्रश्न जास्त येत असतील तर सीसी, पण आधी फुकट मजकूर वाचा, अडलं तरच पैसे भरा. सायन्सवाले डेटा घेऊन येत असतील तर कार्पेंट्री. दोन्ही येत असतील तर मी कार्पेंट्री आधी म्हणेन, खर्च नाही आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्याला स्वतः कार्यशाळा घेता येते. फक्त लॅबच्या वायफायवर विसंबू नका, ओपनरिफाइन आदल्या दिवशीच सगळ्या मशीनवर टाकून ठेवा, एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं.