घरची बिअर : डबा घ्यावा की पिशवी, आणि बाटल्या कोणत्या?

इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी दर हिवाळ्यात विचारतंच, घरी बिअर करायची तर सुरुवात कशी करू आणि खर्च किती येतो? इथे १९६३ सालापासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुण्यातल्या भावाने हे नुसतं वाचावं.

रस्ते दोन. डब्यात माल्टचा काकवीसारखा दाट अर्क येतो, हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. झाकणाच्या बादलीत गरम पाण्यात तो विरघळवा, किलोभर साखर घाला, गार पाण्याने २३ लिटर करा, यीस्ट भुरभुरा आणि झाकण लावा. अर्ध्या तासाचं काम. पिशवीच्या पद्धतीत माल्टपासून सुरुवात. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीसत्त्वाला आपण मोड आणतो, तसेच. ते भरडून कापडी पिशवीत भरायचे आणि ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. तेवढ्यात धान्यातला स्टार्च साखरेत उतरतो. मग पिशवी वर उचलून टांगायची, श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी, आणि खालचं गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळायचं. गार करणं आणि घासाघाशी धरून अर्धा दिवस जातो.

चवीत पिशवी जिंकते, यात मला शंका नाही. डबा आणि साखर या जोडीची बिअर जरा पाणचट लागते. साखरेच्या जागी सुक्या माल्ट अर्काची पुडी घातली तर बरीच सुधारते, आणि डबेवाल्यांनी एवढी एकच चैन करावी.

पैशाचा हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. धान्य स्वस्तच असतं, पण २३ लिटरसाठी चार-साडेचार किलो माल्ट आणि तो मावेल असं तीसेक लिटरचं पातेलं लागतं. खिसा तिथे रिकामा होतो. पाच लिटरच करायची असेल तर किलोभर माल्ट आणि घरातलं बिर्याणीचं पातेलं पुरतं, पण अर्धा दिवस राबून हाती लागतात जेमतेम दहा बाटल्या. डब्यातून निघतात पंचेचाळीस. (पिशवीतला चोथा टाकू नका. वाळवून, दळून थालीपीठाच्या भाजणीत थोडा मिसळला तर खमंग लागतो. आमच्याकडे बिअर न पिणारेही पिशवीच्या बाजूने मत देतात, ते या थालीपिठामुळे.)

तरीही पहिल्या खेपेला डबाच घ्या. नवशिक्याची बिअर बिघडते ती कच्च्या मालामुळे क्वचितच. बिघडते अस्वच्छतेमुळे, खोलीच्या तापमानामुळे आणि घाईमुळे. या तीन गोष्टी डब्यावर शिकून घ्याव्यात. यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. पंचविशीच्या वर गेलं की बिअरला उग्र, फळकट वास येतो. जिन्याखालचं कपाट उत्तम, उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवावी.

आता बाटल्या. खरी निवड इथेच आहे.

फुकटातल्या म्हणजे शेजाऱ्यांच्या रिसायकलिंगमधल्या अर्ध्या लिटरच्या तपकिरी बाटल्या. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्या की बहुतेक लेबलं आपोआप सुटतात. उजेडाकडे धरून तळ बघा, बुरशीचा काळा ठिपका दिसला तर ती सरळ परत रिसायकलिंगमध्ये. फिरवून उघडायच्या झाकणाची बाटली चालत नाही, पत्र्याचं दातेरी बूच तिच्यावर नीट बसत नाही. बुचं लावायचं दोन दांड्यांचं यंत्र पंधरा-वीस पौंडांत मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

तारेच्या खटक्याच्या बाटल्या देखण्या असतात, यंत्रही लागत नाही. पण नव्या घेतल्या तर महाग, आणि रबरी वॉशर कडक झाला की गॅस निसटतो. त्यातल्या हिरव्या काचेच्या असतील तर अंधारातच ठेवा, कारण उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि बिअरला घाणेरडा वास लागतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते.

प्लास्टिकच्या तपकिरी बाटल्या हलक्या, फुटत नाहीत, झाकण हाताने फिरतं. उणीव एकच, हळूहळू हवा आत शिरते, म्हणून दोन-तीन महिन्यांत संपवायच्या. आपल्याकडे त्या तेवढ्या टिकतात का, हा प्रश्न वेगळा. चाळीस पाइंटांचा प्लास्टिकचा पिंप मी सुचवणार नाही. झाकणातून गॅस गळला, तर सगळी बिअर एकदम मिळमिळीत.

न फुटण्याचं महत्त्व मला अनुभवाने कळलं. ख्रिसमसला पाहुणे यायचे म्हणून मी पाचव्या दिवशीच बाटल्या भरल्या. आंबणं अजून चालू होतं. आठवड्याने रात्री जिन्याखाली धाड्‌कन आवाज झाला, थोड्या वेळाने दुसरा. सकाळी कोटाच्या बाहीत काच आणि कार्पेटभर बिअर. तेव्हापासून मी हायड्रोमीटरशिवाय बूच लावत नाही. दुधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा हा भाऊच, पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारा; साखर आंबून संपत जाते तसा आकडा उतरतो. सुरुवातीला १.०४० दाखवतो, शेवटी १.०१० च्या आसपास येतो, म्हणजे साधारण चार टक्के अल्कोहोल. तीन दिवस तोच आकडा आला तरच भरायचं. सात-आठ पौंडांची ही काचेची नळी वाचवू नका, काटकसर दुसरीकडे करा.

भरताना फेसासाठी साखर घालायची ती २३ लिटरला १३० ग्रॅम. ती कपभर पाण्यात उकळून दुसऱ्या बादलीत ओता आणि नळीने बिअर त्यावर सोडा, न खळाळता. चमच्याने बाटलीबाटलीत टाकत बसलात तर एक फसफसते, दुसरी मुकी राहते.

म्हणून माझी जोडणी अशी : डबा, सुका माल्ट, जमवलेल्या काचेच्या त्रेचाळीस बाटल्या आणि दोन प्लास्टिकच्या. त्या दोन म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. भरताना दाबली तर अंगठा आत जातो. उबदार खोलीत दोन आठवडे ठेवल्यावर दगडासारखी लागली की काचेच्या बाटल्यांतही गॅस धरला असं समजायचं आणि सगळ्या थंड जागी हलवायच्या. पहिली बाटली आणखी दोन आठवड्यांनी उघडा. ओतताना तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या, आणि ग्लास रिकामा करण्याआधी ती बाटली विसळून ठेवा.