लेव्हायथनचा बॉक्स, दीड वर्षानंतर: मिनी झकास, पण न्यायच्या कशा?

वॉरहॅमर ४०,००० म्हणजे टेबलावर छोट्या प्लॅस्टिकच्या मूर्तींनी, अर्थात मिनींनी, खेळायचा युद्धखेळ. त्याच्या दहाव्या आवृत्तीचा लेव्हायथन बॉक्स जून २०२३ मध्ये आला तेव्हा त्यावर सगळ्यांनी भरभरून लिहिलं. स्प्रूचे (मिनीचे सुटे भाग ज्यात येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटींचे) फोटो, कोणता मिनी किती सुबक, सगळं. मी तेव्हा गप्प होतो. आता लिहितोय, कारण यंदा चैत्रात मिनी ठेवायच्या बॅगेनं दगा दिला आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहारानं डोकं तापलं.

बॅग वेगळ्या विक्रेत्याची, बॉक्सवाल्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. नाव लिहीत नाही. आत कप्पे पाडलेला फोम, खांद्याला पट्टा, किंमत साडेचार हजारांच्या वर. दुपारभर गाडीच्या डिकीत होती. पुण्याच्या उन्हात डिकीत ठेवू नये असं त्यावर कुठंही छापलेलं नव्हतं. संध्याकाळी उघडली तर तळाचा फोम सुटून सरकलेला, त्याचा गोंद पाघळून वर आलेला, आणि पाचही टर्मिनेटर (जड चिलखतातले सैनिक) घोट्यापर्यंत त्या चिकट रसात. वरच्या थरातले टिरॅनिड, म्हणजे परग्रही राक्षस, एकमेकांच्या नख्यांत अडकून एकच गोळा झालेले.

गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. तेच अल्कोहोल अॅक्रिलिक रंगही काढतं. म्हणजे पाय साफ करायचे तर पाय नागडे करायचे. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की बॅगेची हमी बॅगेपुरती, आत ठेवलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. बरं, मग बॅग तरी बदलून द्या. तर म्हणे तापमानामुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही. बरीच हुज्जत घातल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळेल असं कूपन आलं, तेही महिनाअखेरीला संपणारं. संपू दिलं.

आता बॉक्सकडे वळतो.

लीस्टरहून मावसबहीण येणार होती, तिनं आणला. तिकडची किंमत १५० पौंड, तेव्हाच्या भावानं साडेपंधरा हजारांच्या आसपास. आकडा ऐकून घरात जे व्हायचं ते झालं. पण हिशेब मांडा: आत ७२ मिनी, २५ स्पेस मरीन (माणसांच्या बाजूचे चिलखती सैनिक, टर्मिनेटर त्यांतलेच) आणि ४७ टिरॅनिड. म्हणजे नग सव्वादोनशेच्याही आत. त्यात ड्रेडनॉट आणि स्क्रीमर-किलरसारखे दांडगे नगही आले, शिवाय जाडजूड नियमपुस्तक आणि मिशनच्या पत्त्यांचा गठ्ठा. सुटे घेतले असते तर याच पैशात निम्मेही आले नसते. तिकिटाचे पैसे मावसबहिणीचे होते, हे या हिशेबात धरलेलं नाही.

प्राइमरचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या थराचा, स्प्रे मात्र ती आणू शकली नाही. रंगाचे स्प्रे कॅन विमानात चालत नाहीत. मी ब्रशनं लावायचा प्राइमर वापरला. वेळ जास्त लागतो, निकाल उत्तम. स्प्रेचं वार्निश आषाढात मारायच्या फंदात पडू नका. दमट हवेत ते पांढुरकं उतरतं आणि महिन्याचं काम धुक्यात जातं.

यातले सगळे मिनी पुश-फिट आहेत, म्हणजे खुंटी भोकात दाबली की झालं, गोंदाची गरज नाही. सुरुवातीला मला हा प्रकार अजिबात आवडला नव्हता. प्रत्येक मिनीची एकच ठरलेली पोझ, हात फिरवायची सोय नाही, वीस टर्मगाँटांत (टिरॅनिडांचे लहान शिपाई) त्याच त्याच पोझ दोनदा. चार लोकांत मी याला नवशिक्यांचा माल म्हटलं होतं. आणि जिथं जमेल तिथं वरून प्लॅस्टिक सिमेंट लावून पक्कं केलं. हे सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतं, सांधा राहतच नाही.

बॅगेच्या प्रकरणानंतर मत बदललं. जे मिनी नुसतेच दाबून बसवले होते त्यांचे हात खुंटीतून अलगद निघाले होते. पुन्हा दाबले, बसले. सिमेंट लावलेल्यांचा सांधा टिकला आणि नेमका जिथं प्लॅस्टिक सर्वांत बारीक तिथं तुकडा पडला: शेपटीचं टोक, लीपर नावाच्या टिरॅनिडाच्या कोयत्यासारख्या हाताचं मनगट. दणका बसला की काहीतरी सुटणारच. ते खुंटीत सुटलं तर परवडतं. आता टिरॅनिडांपुरतं तरी सिमेंट बंद. मरीन आटोपशीर अंगाचे असतात, त्यांना काहीही लावा.

खेळाबद्दल थोडक्यात. मूळ नियमांची पीडीएफ कंपनी फुकट देते, त्यामुळे पुस्तक माझ्या कपाटात शोभेला आहे. एवढं ध्यानात असू द्या की आठवी आवृत्ती २०१७ ला, नववी २०२० ला आणि दहावी २०२३ ला आली. पुस्तकांत पैसे घालण्याआधी पुढचा हिशेब आपापला करावा. मिनी मात्र आवृत्तीबरोबर जुने होत नाहीत. रंगवायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी: पूर्ण रंगवलेल्या सैन्याला शंभरातले दहा गुण नुसते रंगाचे मिळतात. माझा एक सामना तेवढ्यावरच निघालाय.

बॉक्स घेतला तेव्हा बेत असा होता की मरीन ठेवायचे, टिरॅनिड विकून निम्मे पैसे वसूल करायचे. टर्मिनेटर जुन्यांपेक्षा चांगलेच उंच झालेत, २०१७ च्या प्रायमारिस या उंच मरीनांशेजारी आता पोरकट दिसत नाहीत, आणि टेबलावर त्यांना मारता मारता समोरच्याच्या नाकी नऊ येतात. पण दोन-तीन सामन्यांत कळलं की मजा टर्मगाँटांत आहे. एक जखम झाली की मेले, चिलखत नावाला. पण शत्रू हालचाल करून नऊ इंचांच्या आत येऊन थांबला की त्याच्याच पाळीत यांना एक फासा टाकून तेवढे इंच सरकता येतं. समोरचा आखून-रेखून जवळ येतो आणि वीसच्या वीस झुरळांसारखे पांगतात. माझा पिंपरीचा मित्र या नियमाला शिव्या घालतो, म्हणजे नियम चांगला आहे. विक्रीचा बेत रद्द.

आणि इथंच न्या-आणीचं दुखणं सुरू होतं. दोन हजार पॉइंटांच्या सामन्याला साठ बाय चव्वेचाळीस इंचांचं टेबल लागतं. ते मित्राकडे आहे, माझ्याकडे नाही. म्हणजे दर वेळी सैन्य उचलून कोथरूडहून पिंपरीला. मरीन कशातही जातात, त्यांचा आकारच खोक्यात मावणारा. टिरॅनिड म्हणजे शेपट्या, नख्या, शिंगं आणि न्यूरोटायरंटच्या लोंबत्या शुंडा. फोमच्या कप्प्यात घालताना एक नखी अडकते, काढताना दुसरी, आणि दर वेळी टोकांचा रंग फोमवर राहतो. वार्निशचे दोन हात देऊनही राहतो. परीक्षणं लिहिणारे सगळे रंगवून, फोटो काढून मोकळे होतात. मिनी दारातून बाहेर कसा काढायचा याबद्दल अक्षर नाही. कंपनी खोक्यावर सगळं छापते, पण पंखांसकट मिनीची उंची किती ते छापत नाही. ती छापली तर निम्मा त्रास वाचेल.

उपाय जुनाच आहे: बेसखाली (मिनी ज्या चकतीवर उभा असतो तिच्याखाली) निओडायमियम चुंबक आणि लोखंडी तळाचा डबा. मिनी उभा राहतो, त्याला कशाचाही स्पर्श होत नाही, रंग शाबूत. धातूच्या मिनींच्या जमान्यात एका बेसला चार-चार चुंबक लागायचे. हे प्लॅस्टिकचे हलके, टर्मगाँटाला एक पुरतो, टर्मिनेटरच्या ४० मिमी बेसला दोन, स्क्रीमर-किलरला मी पाच लावलेत. ५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा चुंबक घाऊक पाकिटात दहा रुपयांच्या आत पडतो.

मेख अशी की बेसखालची पोकळी चुंबकापेक्षा खोल असते. नुसता चिकटवला तर चुंबक आणि पत्रा यांत फट राहते, आणि एक मिलिमीटर फटीनंही पकड पार ढिली पडते. म्हणून पोकळीत एम-सीलचा गोळा भरायचा, त्यात चुंबक अर्धवट रुतवायचा आणि मिनी सरळ उभा करून काचेवर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर दाबायचा. चुंबक बेसच्या कडेशी समतल बसतो. रात्रभर हात लावू नका. सकाळी कागद सोलून काढायचा. तीस रुपयांच्या एम-सीलमध्ये माझे सगळे टर्मगाँट झाले.

आता डबा. स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा डबा आधी बघितला, परवानगी काढून. चुंबक चिकटेचना. चांगल्या भांड्यांचं स्टेनलेस स्टील, ते ३०४ नंबरचं, चुंबकाला दाद देत नाही. मग खिशात चुंबक टाकून रविवार पेठेत गेलो. एका दुकानात डब्यांना चुंबक लावून बघत होतो तर मालक म्हणाले, "साहेब, काळजी नको, आपल्याकडं एकही चिकटणार नाही." मी म्हटलं, मला चिकटणाराच हवाय. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि पोराला सांगितलं, "यांना पेटी दाखव रे."

पत्र्याची पेटी. पूर्वी वसतिगृहात पोरं न्यायची तीच, लहान आकारातली, वर मूठ, पुढं कडी. घासाघीस करून सातशेच्या आत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, आत लोखंडच, चुंबक खटकन बसतो. बाजूंना लाकडाच्या पट्ट्या ठोकून वर पत्र्याचा दुसरा थर केला. खाली मोठे जीव, वर टर्मगाँट, बार्बगाँट आणि मरीन. कापलेल्या पत्र्याच्या कडांना टेप लावा, बोटं कापतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, जिथं मुलामा खरचटला तिथं गंज धरतो.

साडेचार हजारांच्या बॅगेनं जे जमवलं नाही ते हजारभर रुपयांत, चुंबक धरून. कर्वे रस्त्याच्या खड्ड्यांतून स्कूटरवर नेली, पायाशी ठेवून: एक टर्मगाँट आडवा, बाकी जागच्या जागी. हल्ली वनाज ते सिव्हिल कोर्ट आणि तिथून बदलून पिंपरी असा मेट्रोनं जातो. स्थानकात पेटी क्ष-किरणांच्या यंत्रातून गेली की पत्र्यामुळे आतलं नीट कळत नसावं, उघडायला लावतात. एका बाईंनी झाकण उचललं आणि दोन पावलं मागं सरल्या. "खरे नाहीत ना?" माझ्या रंगकामाला आजवर मिळालेली ही सर्वांत चांगली दाद.

तर घ्यावा का? बॉक्स आता नव्यानं मिळत नाही, मर्यादित काळापुरता होता. मिळालाच तर कुणाकडे तरी जुना, आणि चढ्या भावानं. त्या भावात जाऊ नका. यातलेच बरेचसे मिनी पुढं कॉम्बॅट पॅट्रोलच्या, म्हणजे एकाच सैन्याच्या लहान, खोक्यांत आले. टिरॅनिडांच्या खोक्यात वीस टर्मगाँट, बार्बगाँट, लीपर, सायकोफेज आणि विंग्ड प्राइम आहेत. एकच सैन्य हवं असेल तर ते घ्या. आयात करून इथं विकणाऱ्यांचे भाव मात्र आधी तिकडच्या किमतीशी ताडून बघा, मग विलायतेतल्या मावसबहिणीला फोन लावा. तिला आवडतं ते भडंग आधी पाठवून ठेवलं तर काम सोपं जातं.

मिनींना मी दहापैकी नऊ देईन. एक गुण कापलाय तो विंग्ड प्राइमसाठी. पंख पसरून हवेत झेपावलेला, दिसायला अख्ख्या खोक्यात उजवा, आणि मधल्या थरामुळे पेटीत कुठंच न मावणारा. तळाला ठेवला तर पंख वरच्या पत्र्याला टेकतात, वर ठेवला तर झाकण लागत नाही. सध्या तो वेगळा, हातात, बुटांच्या खोक्यातून जातो. त्याच्यासाठी उंच पण अरुंद, लोखंडी तळाचा डबा कुणाला कुठं मिळाला असेल तर कळवा, आतलं माप धरून. बाहेरचं माप मला पाच दुकानदारांनी सांगून झालंय.