कम्युनिटी कॉलेजचा अकाउंटिंग-टॅक्स सर्टिफिकेट कोर्स : दीड वर्षानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात एच-४ व्हिसावर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या मराठी मैत्रिणी भेटल्या की एक प्रश्न हमखास निघतो : "नोकरी हवी तर इथे पुन्हा मास्टर्स करावं लागणार का?" युनिव्हर्सिटीची फी पाहून बहुतेकजणी तिथेच थांबतात. घरात मुलं लहान असतात, आणि हातातली बी.कॉम. किंवा एम.कॉम. इथे कुणाला कळत नाही असं वाटत राहतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन या.

मी सांता क्लारा काउंटीतल्या एका कॉलेजात अकाउंटिंग आणि टॅक्सचा सर्टिफिकेट कोर्स केला. आधी सांगलीतून बी.कॉम. आणि काही वर्षं सहकारी बँकेत नोकरी झाली होती. आता मी एका छोट्या टॅक्स ऑफिसात काम करते. कोर्स संपून एक टॅक्स सीझनही गेला, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडच्यांना ही कॉलेजं नीट माहीत नसतात. पहिलं अमेरिकन कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेशाला मेरिट लिस्ट नाही, वयाची अट नाही. आयटीआयसारखे हाताला काम देणारे कोर्स, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखी सगळ्यांना खुली दारं आणि पदवीची पहिली दोन वर्षं हे सगळं एकाच आवारात मिळतं. राज्याच्या रहिवाशांना फी सेमिस्टरच्या एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटचा अकाउंटिंगचा विषय १८४ डॉलरला. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीने (सुमारे तीन महिन्यांच्या टर्मने) चालतात, तिथे युनिटला ३१ डॉलर पडतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना आणि राज्यात नव्याने आलेल्यांना मात्र कितीतरी पट जास्त भरावे लागतात. त्याबद्दल शेवटी लिहिते.

स्वस्त आहे म्हणून जा, एवढंच मला सांगायचं नाही. हा कोर्स इथल्या कामाला धरून बांधलेला आहे, आणि ते मला नोकरीला लागल्यावर रोज जाणवतं. व्यावसायिक कोर्सला आसपासच्या भागात खरोखर मागणी आहे का, हे कॉलेजला दर दोन वर्षांनी तपासावं लागतं, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. प्रत्येक कोर्ससाठी त्या धंद्यातल्या लोकांची सल्लागार समिती असते. शिकवणारे बरेचजण दिवसा तेच काम करतात. आमचे टॅक्सचे सर स्वतः सीपीए, म्हणजे इथले सीए. वर्ग संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा आणि मार्चमध्ये ते ऑफिसातून थेट यायचे, डोळे लाल झालेले. त्या आठवड्यात एखाद्या क्लायंटच्या कागदांत काय घोळ निघाला, ते नाव न सांगता फळ्यावर मांडायचे. पुस्तकातला धडा त्या उदाहरणातून आपोआप सुटत जायचा.

पहिले काही आठवडे त्यांनी सॉफ्टवेअर उघडूच दिलं नाही. फॉर्म १०४०, म्हणजे वैयक्तिक टॅक्स रिटर्न, छापून आणायचा आणि पेन्सिलने भरायचा. त्याला जोडायच्या शेड्यूल सी वर धंद्याचा निव्वळ नफा समजा १०,००० डॉलर आला, तर तो शेड्यूल एसई वर न्यायचा, त्याचे ९२.३५ टक्के म्हणजे ९,२३५ काढायचे, त्यावर १५.३ टक्के लावायचे, म्हणजे १,४१३ डॉलर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी भरायचा). मग त्यातला अर्धा उत्पन्नातून वजा करायला पुन्हा शेड्यूल १ वर यायचं. सुरुवातीला हे फार कंटाळवाणं वाटलं. आज ऑफिसात सॉफ्टवेअर एखादा आकडा विचित्र दाखवतं तेव्हा तो कुठून आला हे मला मागे जाऊन शोधता येतं. सोबतच्या नव्या मुलांना, ज्यांनी थेट सॉफ्टवेअरवर शिकून सुरुवात केली, ते जमायला वेळ लागतो.

वर्गातली माणसं हा या कॉलेजचा दुसरा मोठा ठेवा. शाळेतून नुकती आलेली मुलं, रेस्टॉरंटमध्ये मॅनेजर असलेले गृहस्थ, चीन आणि भारतातून आलेल्या माझ्यासारख्या बायका. काहींकडे मास्टर्स होती, पण सीपीएच्या वाटेवर अकाउंटिंगचे युनिट कमी पडत होते म्हणून त्या इथे येत होत्या. माझ्या शेजारी एक व्हिएतनामी बाई बसायच्या, त्यांचं स्वतःचं नेल सलून होतं. एकदा त्यांनी विचारलं की सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन काम करणाऱ्या बायका नोकर धरायच्या की स्वतंत्र व्यावसायिक? काम करणारा नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हे ठरवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या एबी-५ कायद्यातून मॅनिक्युरिस्टना मिळालेली सवलत १ जानेवारी २०२५ ला संपली होती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न उद्याच्या पगाराचा होता. सरांनी त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवला. मालकाचा कामावर ताबा किती, काम धंद्याच्या मुख्य स्वरूपातलंच आहे का, त्या बाईचा बाहेर स्वतंत्र धंदा आहे का, या तीन कसोट्या एकेक करून त्या सलूनला लावून दाखवल्या. त्या बाईंनी सगळं व्हिएतनामीत लिहून घेतलं. कुठल्याही ऑनलाइन व्हिडिओतून मला हे मिळालं नसतं.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो व्हीटाचा. व्हीटा म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देणारा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचा, स्वयंसेवी उपक्रम. कोर्समधल्या आम्हा विद्यार्थ्यांना त्यात भाग घ्यायला सांगितलं गेलं. आधी आयआरएसच्या परीक्षा द्याव्या लागतात, पास व्हायला ८० टक्के लागतात. मग शनिवारी लायब्ररीतल्या टेबलावर समोर खरा माणूस येऊन बसतो. १३६१४-सी हा माहितीचा फॉर्म त्याच्याशी बोलत भरायचा, टॅक्सस्लेयर या सॉफ्टवेअरमध्ये रिटर्न तयार करायचं, आणि ते दुसऱ्या स्वयंसेवकाने तपासल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, हा पक्का नियम. वर्गात जे शिकलो ते तिथे अंगवळणी पडलं.

एका शनिवारी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणारा एक मराठी मुलगा आला. माझं आडनाव बिल्ल्यावर वाचून थेट म्हणाला, "काकू, मागच्या वर्षी मी मित्राचं बघून सॉफ्टवेअरवर भरलं होतं, बरोबर आहे ना?" त्याने १०४० भरला होता. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुतेक विद्यार्थी टॅक्सच्या दृष्टीने अनिवासी असतात, त्यांना १०४०-एनआर भरावा लागतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या रिटर्नसाठी व्हीटात वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते आमच्या टेबलावरच्या एका अनुभवी बाईंकडे होतं, म्हणून त्याला त्यांच्याकडे पाठवलं आणि मी शेजारी बसून शिकले. इतर देशांच्या बहुतेक अनिवासी विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ते मिळतं. पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना पाहिला आणि हेच काम करायचं असं माझं पक्कं झालं. पुढच्या वर्षी ते प्रमाणपत्र मीही घेतलं.

करिअर सेंटरबद्दल माझ्या फारशा अपेक्षा नव्हत्या, पण तिथल्या बाईंनी माझ्यावर खूप मेहनत घेतली. बायोडेटातून जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव, फोटो हे सगळं काढायला लावलं. "फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन" च्या जागी बँकेत मी नेमकं काय करायचे ते लिहायला लावलं : रोज किती खात्यांचा ताळमेळ, कुठली रजिस्टरं, ऑडिटच्या वेळी कोणती जबाबदारी. तोंडी मुलाखतीचा सराव घेतला. आपल्याला "आम्ही केलं" म्हणायची सवय. त्या दर वाक्याला थांबवून विचारायच्या, "यात तू काय केलंस?" नोकरीची जागा मात्र सरांच्या ओळखीतून कळली. त्यांच्या माहितीतल्या एका ऑफिसला जानेवारीसाठी माणूस हवा होता, आणि व्हीटात काम केलेली विद्यार्थिनी म्हटल्यावर मुलाखत अर्ध्या तासात आटपली. ३१ जानेवारीपर्यंत क्लायंटांचे १०९९-एनईसी (कंत्राटी कामाला दिलेले पैसे दाखवणारे फॉर्म) पाठवायचे असतात, मी त्यातच रुजू झाले.

आता ऑफिसात भारतीय क्लायंट बरेचसे माझ्याकडे येतात. गावच्या बँकेतली एफडी, पीपीएफ, आईबरोबरचं जॉइंट खातं, यातलं काही सांगायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो, आणि त्यात आईबरोबरचं खातंही धरावं लागतं. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते उत्पन्नात दाखवावं लागतं. पासबुक वाचता येणारं, "आवर्ती ठेव" म्हणजे काय हे न विचारणारं माणूस ऑफिसात आहे याची मालकांना किंमत आहे. सांगलीतली बँकेची वर्षं वाया गेली असं मी आता कुणाला म्हणू देत नाही.

तक्रारीही आहेत, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. काउन्सेलरची वेळ मिळणं फार कठीण. नोंदणीच्या आठवड्यात पहाटे पोर्टल उघडून बसलं तरच नंबर लागतो. काही विषय वर्षातून एकदाच असतात, आणि नावं पुरेशी आली नाहीत तर वर्ग रद्द होतो. पार्टनरशिप आणि कॉर्पोरेशन टॅक्सचा माझा वर्ग असाच गेला. एक विषय ऑनलाइन घेतला होता. तिथे प्रकाशकाचे व्हिडिओ आणि आपोआप तपासला जाणारा गृहपाठ, याखेरीज शिक्षकांचं अस्तित्व जवळजवळ नव्हतंच. त्या गृहपाठाच्या वेबसाइटचं शुल्क कोर्सच्या फीच्या आसपास गेलं. म्हणून वेळापत्रकात फुकट पुस्तकांची खूण असलेले वर्ग आधी शोधा. कॉलेजांनी ती खूण दाखवलीच पाहिजे असा राज्याचा नियम आहे. आणि जमेल तिथे प्रत्यक्ष वर्गात बसा.

पगाराबद्दल कुणी तुम्हाला स्वप्नं दाखवत असेल तर ऐकू नका. सुरुवातीचं काम हंगामी, तासावर, आणि बे एरियाच्या घरभाड्यापुढे लहानच वाटतं. पण पुढे चढायला पायऱ्या आहेत. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन दुसऱ्याचं रिटर्न भरायचं तर सीटीईसीची (टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्यातल्या परिषदेची) नोंदणी लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा ६० तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो. सीपीए आणि एनरोल्ड एजंट यांना यातून सूट आहे. एनरोल्ड एजंट ही केंद्राची मान्यता. तिची परीक्षा तीन भागांची : व्यक्तींचा टॅक्स, धंद्यांचा टॅक्स, आणि आयआरएससमोर क्लायंटची बाजू मांडणं. पदवीची अट नाही. कोर्समधल्या दोन टॅक्स विषयांनी पहिल्या भागाची बरीच तयारी करून घेतली, तो मी पास झाले. दुसऱ्यासाठी तो रद्द झालेला वर्ग आता करते आहे. ज्यांची मुलं इथे बारावीला आहेत त्यांच्यासाठीही सांगते, इथले युनिट असोसिएट डिग्रीत (दोन वर्षांच्या पदवीत) धरले जातात, आणि पुढे विद्यापीठात ट्रान्सफर होण्यासाठीची ठरावीक असोसिएट डिग्री घेतली तर कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसला जागा नक्की मिळते.

ज्यांना लगेच मोठा पगार हवा आहे, किंवा दोन वर्षांत इंडियाला परत जायचं पक्कं आहे, त्यांनी हा कोर्स करू नये. अमेरिकन टॅक्स शिकून कोल्हापुरात फार उपयोग होणार नाही. त्यांच्यासाठी त्याच कॉलेजातला क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा किंवा डेटाचा छोटा कोर्स जास्त शहाणपणाचा.

एच-४ वाल्यांसाठी मात्र दोन गोष्टी. शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण पगाराची नोकरी ईएडी (कामाचा परवाना) हातात आल्याशिवाय करता येत नाही, कॅम्पसवरचीसुद्धा. ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर आहे त्यांना ईएडीसाठी अर्ज करता येतो, ही सोय २०१५ पासून आहे. केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही, म्हणून रहिवाशाची फी लागू होणं फार महत्त्वाचं. त्यासाठी टर्म सुरू होण्याआधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. घराचा करार, बँकेचं खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न यांत बहुतेक घरी फक्त नवऱ्याचं नाव असतं. विमानातून उतरल्यावर पहिल्या महिन्यातच भाडेकरारावर आणि बँक खात्यावर स्वतःचं नाव घालून घ्या, आणि कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून तुमच्या बाबतीत कोणते कागद चालतील ते लेखी विचारून ठेवा.