कागद-रंग की डिजिटल? बोधचित्रकारानं पहिला पैसा कुठे घालावा

चित्रं काढून पोट भरायचं ठरवलंय, पण हाताशी पैसे एकदाच खर्च करता येतील एवढेच आहेत. ते उत्तम कागद-रंगांवर घालावेत की डिजिटल साधनांवर? विकसनशील देशातल्या चित्रकाराला हा प्रश्न जास्त छळतो. दोन्हीकडचा चांगला माल बहुधा आयात केलेला असतो, आणि निवड चुकली तर दुसऱ्यांदा पैसे उभे राहत नाहीत. माझं मत आधीच सांगते: पुस्तकं, पोस्टर, पाठ्यपुस्तकं यांसाठी बोधचित्रं करायची असतील तर डिजिटल घ्या. भिंतीवर टांगायचं मूळ चित्र विकायचं असेल तर कागद सोडू नका.

खर्च आधी की रोज?

कागदावर प्रत्येक चित्रामागे पैसे जातात. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती जलरंग-कागद एका फसलेल्या वॉशनं, म्हणजे पातळ रंगाच्या हातानं, वाया जातो, आणि तो वाया जाईल या धास्तीनं हात आखडतो. शिकणारा माणूस मग कमी काढतो. खरं नुकसान हेच. डिजिटलमध्ये पहिला खर्च मोठा, पण त्यानंतर शंभर चित्रं बिघडवली तरी फक्त वीज लागते. कमाईच्या आधी मला हा फायदा मोलाचा वाटतो.

ठरवायची सोपी रीत आहे. गेल्या सहा महिन्यांत कागद, रंग, ब्रश यांवर किती गेले ते लिहून काढा आणि पेन टॅब्लेटच्या (संगणकाला जोडून पेनानं चित्र काढायच्या पाटीच्या) किमतीशी ताडून बघा. महिन्याला दोनच चित्रं काढत असाल तर कागद स्वस्त पडेल. रोज काढत असाल तर हिशेब लवकर उलटतो.

दुरुस्ती आणि दुसऱ्या भाषेतली आवृत्ती

मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं मी जलरंगात पूर्ण करून दिली. नंतर निरोप आला, मुलीचा लाल फ्रॉक हिरवा हवा. ती मुलगी जवळजवळ प्रत्येक पानावर होती. मानधन तेवढंच राहिलं आणि तीन आठवडे गेले. डिजिटल चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत काढता येतं, त्यांना लेयर म्हणतात. फ्रॉक वेगळ्या लेयरवर असता तर हे एका दुपारचं काम होतं.

पण लेयरचा फायदा माझ्या एकटीच्या वेळेपुरता नाही. ज्या देशात अनेक भाषा बोलल्या जातात आणि पुस्तकांना पैसा कमी असतो, तिथे एकच चित्र पुन्हा पुन्हा वापरता येणं ही मोठी गोष्ट आहे. हात धुण्याबद्दलचं पोस्टर घ्या. मजकूर एका लेयरवर, माणसं दुसऱ्यावर, मागचं घर तिसऱ्यावर. डोंगरातल्या गावासाठी घर बदला, किनाऱ्यासाठी कपडे बदला, लिपी बदला, आणि लोकांना ते आपलं वाटतं. भारतातलं स्टोरीवीव्हर आणि दक्षिण आफ्रिकेतून सुरू झालेलं आफ्रिकन स्टोरीबुक हे मुलांच्या गोष्टींचे उपक्रम याच वाटेनं चालतात. चित्रं खुल्या परवान्यावर असतात, म्हणजे ती इतरांनाही पुन्हा वापरता येतात, त्यामुळे तीच पानं वेगवेगळ्या भाषांतल्या गोष्टींना मिळतात. आपल्या भाषेत सचित्र पुस्तक नसलेल्या मुलाच्या हातात ते पडतं, याचं मला फार अप्रूप आहे. फक्त एक लक्षात ठेवा: अशा कामाचे पैसे बहुधा एकदाच मिळतात. परवाना आधी वाचा आणि मानधन त्या हिशेबानं मागा.

कागदावरचं चित्र पाठवायचं म्हणजे चांगला स्कॅनर हवा, नाहीतर कुरिअर. फोनवर काढलेल्या फोटोत रंग पिवळट येतात, कडा वाकतात. डिजिटल चित्र दूरच्या शहरात, दुसऱ्या देशातही तसंच पोहोचतं. अर्थात तुम्हाला जगातलं काम दिसतं, तसे त्या कामासाठी जगभरचे चित्रकारही उभे असतात. दर पाडून स्पर्धा करू नका.

कागद कुठे सरस ठरतो

वीज गेली तरी पेन्सिल चालते. डेस्कटॉप वापरणार असाल तर यूपीएसचा खर्च आधीच धरा, आणि दर पाच मिनिटांनी फाइल आपोआप सेव्ह होईल अशी सेटिंग करा. साधन बिघडलं की दुरुस्ती केंद्र दूर असतं, तेवढे दिवस कमाई थांबते. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे छपाईत मंदावतात, म्हणून छापायच्या कामात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांत तपासणी करावीच लागते. आणि मूळ प्रत ही फक्त कागदाकडे असते. विकत घेणाऱ्याला तिचंच मोल.

डिजिटल घ्यायचं ठरलं तर

फोन आहेच, तर त्यावर सराव सुरू करा. छपाईचं काम मात्र फोनच्या छोट्या पडद्यावर दमवतं. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर साधारण ३५ एमबी मेमरी खातो. असे तीस लेयर झाले की एक जीबी संपला. म्हणून पैसे आधी संगणकाच्या रॅमवर घाला, मग पडद्याच्या दिमाखावर.

आयपॅड आणि प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप ही जोडी सुखाची आहे. ॲपचे पैसे एकदाच लागतात, पण ते आयपॅडशिवाय चालत नाही आणि पडदा फुटला तर सगळंच बंद. ॲडोबीनं २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच ठेवल्या. दरमहा परकी चलनात पैसे जाणार असतील तर आपलं चलन घसरताच वर्गणीही महागते. मी सुरुवातीला जुना लॅपटॉप, बिनपडद्याचा पेन टॅब्लेट आणि क्रिटा असंच सुचवेन. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोत (त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. अशा टॅब्लेटच्या पेनात बहुतेकदा बॅटरीही नसते. झिजते ती निब, आणि ती बदलता येते.

हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले काही दिवस साधं वर्तुळही वाकडं येईल. शक्य असेल तर दोन आठवड्यांसाठी कुणाचा तरी टॅब्लेट मागून आणा, आणि पहिल्या आठवड्यातल्या रेषांवरून काहीही ठरवू नका.