पोलिसांची वापरलेली पिस्तुलं : ग्लॉक २२ घ्यावं की सिग पी२२९?

आमच्या घरच्या तिजोरीत काही वर्षं दोन पिस्तुलं शेजारी शेजारी होती. दोन्ही पोलिसांच्या कमरेवरून आलेली, दोन्ही .४० कॅलिबरची, म्हणजे साधारण ०.४० इंच व्यासाच्या गोळीची. एक ग्लॉक २२, तिसऱ्या पिढीचं. दुसरं सिग पी२२९, डीएके नावाच्या ट्रिगरचं (त्याबद्दल पुढे सांगतो). पहिल्याला मी ३२९ डॉलर मोजले आणि दुसऱ्याला ४२९. आता त्यातलं एकच उरलं आहे. अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांतून हल्ली या दोघांतलं कुठलं घ्यावं अशी विचारणा होते, म्हणून माझा अनुभव एकदा नीट सांगतो. रेंजवर भाड्याचं पिस्तूल चालवून ज्यांचा हात थोडा बसला आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

ही पिस्तुलं इतकी स्वस्त का, हे कळलं की मनातली अर्धी शंका जाते. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. जास्त ताकदीच्या काडतुसाचा शोध तिथून सुरू झाला आणि १९९० साली .४० बाजारात आलं. एफबीआयने १९९७ मध्ये ग्लॉक २२ घेतलं, देशभरच्या पोलीस खात्यांनी हेच कॅलिबर उचललं. पुढे त्याहून लहान नाइन एमएम कॅलिबरची काडतुसं सुधारली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने नाइन एमएमची बाजू लेखी मांडली आणि २०१६ मध्ये नवं कंत्राटही त्याच कॅलिबरचं दिलं. मग गावोगावची खाती त्याच वाटेने गेली. जुनी पिस्तुलं वितरकाला द्यायची आणि तेवढी रक्कम नव्यांच्या बिलातून वळती करून घ्यायची, असा हा व्यवहार असतो. म्हणजे पिस्तूल बिघडलं म्हणून नव्हे, तर कॅलिबर मागे पडलं म्हणून ते तुमच्यापर्यंत येतं.

कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक डीलरकडून हँडगन घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून मागवलं तरी ते तुमच्या राज्यातल्या डीलरकडेच येतं. ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. एच-वन-बीवर असाल तर सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्याचा अपवाद कायद्यात आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये. न्यू जर्सीत आधी परमिट काढावं लागतं आणि मॅगझिनला, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीला, दहा गोळ्यांची मर्यादा आहे. तिथल्या मंडळींनी पैसे भरण्याआधी स्थानिक डीलरशी बोलावं. माझा अनुभव टेक्सासचा आहे.

या पिस्तुलांच्या अंगावर ओरखडे असणारच. होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) रोज घालून-काढून स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, पुढच्या कडा पांढऱ्या पडतात. ते पाहून बिचकू नका. बहुतेक पोलीस शिपाई वर्षातून एक-दोनदा पात्रता चाचणीपुरत्याच गोळ्या झाडतात, पिस्तूल मात्र रोज कमरेला वागवतात. माझ्या दोन्ही पिस्तुलांचं बाहेरचं रूप उतरलेलं होतं आणि नळ्या आतून चकचकीत होत्या. ग्लॉकची काळी झिलई गेली तरी खालचं पोलाद प्रक्रिया केलेलं असतं, त्यामुळे गंजाची चिंता फारशी नाही. सिगची फ्रेम ॲल्युमिनियमची. स्लाइड ज्या खाचांवरून सरकते त्या रूळांवर नजर टाका. नुसती चमक असेल तर हरकत नाही, पण नखाला अडेल असा चरा असेल तर दुसरं मागा. काही दुकानं थोडे जास्त पैसे घेऊन त्यांच्याकडच्या गठ्ठ्यातलं चांगलं निवडून देतात. ते पैसे मला वसूल वाटले.

अंधारात चमकणाऱ्या साइट्सच्या (नेम धरायच्या खुणांच्या) नावाखाली जास्त पैसे मात्र देऊ नका. त्यांच्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू असतो आणि त्याचा अर्धायुष्यकाळ साधारण १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. पोलिसांनी पंधरा वर्षं वापरून दिलेल्या पिस्तुलावर ती चमक नावालाच उरते. माझ्या ग्लॉकच्या जाहिरातीत 'नाइट साइट्ससह' असं ठळक लिहिलं होतं. घरी येऊन दिवा घालवला तर तीन ठिपक्यांतला एकच, तोही डोळे ताणून दिसत होता. दुकानदार म्हणाला, साइट्स आहेत ना. त्याचं बरोबर होतं, पण मला वाईट वाटलं ते वाटलंच. तेव्हापासून मी दोन्हीकडच्या साइट्स बंद पडल्या आहेत असंच धरून हिशोब करतो. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे ढकलणारी) आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा आल्या आल्या बदलायच्या, हाही खर्च दोन्हीकडे सारखाच.

आता हातात घेतल्यावरचं. ग्लॉक हलकं आहे, दिवसभर कमरेला असलं तरी जाणवत नाही. पण .४०चा धक्का हलक्या पिस्तुलात मनगटाला चांगलाच कळतो. सिग वजनदार आहे आणि तेच वजन धक्का पिऊन टाकतं. मी काही यंत्र लावून मोजलेलं नाही. एवढंच सांगतो की ग्लॉकने शंभर गोळ्या झाल्या की मी घड्याळाकडे बघायचो, सिगने दीडशे झाल्या तरी आणखी एक मॅगझिन भरावंसं वाटायचं. ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीला मुठीवर बोटांच्या खाचा आहेत. माझी बोटं त्यांत बसतात, बायकोची बसत नाहीत. सिगची मूठ जाड आहे, पण निदान बोटं कुठे ठेवायची हे ती ठरवत नाही.

डीएके ट्रिगरबद्दल उलटसुलट ऐकाल. अमेरिकी तटरक्षक दलाने हाच ट्रिगर वापरला. प्रत्येक गोळीला लांब, सलग, एकसारखी ओढ. बोट अर्ध्यावर सोडून पुन्हा दाबलं तर ओढ जास्त जड होते, म्हणून दर वेळी बोट पूर्ण सोडायची सवय लावावी लागते. ज्यांना झपाझप गोळ्या झाडायच्या आहेत त्यांना हे आवडत नाही, आणि म्हणूनच डीएके सिग साध्या ट्रिगरच्या आपल्याच भावंडांपेक्षा स्वस्त मिळतं. मला त्या लांब ओढीत धीर वाटतो. चुकून दाबला जाईल असा तो ट्रिगर नाही.

पण माझा कौल यातल्या कशावर ठरला नाही. तो ठरला साफसफाईच्या वेळी.

आम्ही एक शनिवार सोडून रेंजवर जातो आणि रविवारी संध्याकाळी गॅरेजमधल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून पिस्तूल उघडतो, म्हणजे सुटं करतो. ग्लॉक उघडायचं तर मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा गोळी बसायचा कप्पा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि मग ट्रिगर दाबा. ट्रिगर दाबल्याशिवाय ते उघडत नाही, त्याची रचनाच तशी आहे. सूचना पुस्तिकेत ते स्वच्छ लिहिलं आहे आणि लाखो लोक वर्षानुवर्षं सुरक्षितपणे तसंच करत आले आहेत. याला मी दोष म्हणत नाही. त्यानंतर स्लाइड अगदी जराशी, दोन-तीन मिलिमीटर मागे धरून दोन्ही बाजूंची बारीक कळ खाली ओढायची. स्लाइड जरा जास्त मागे गेली की ट्रिगर पुन्हा चढतो आणि पुन्हा दाबावा लागतो.

बायकोच्या हातून ती नेहमी जास्तच मागे जायची. नवी स्प्रिंग टणक होती आणि कळ बोटाला नीट सापडायची नाही. मग पुन्हा चेंबर तपासा, पुन्हा भिंतीकडे रोखा, पुन्हा ट्रिगर. एका संध्याकाळी तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिने पिस्तूल टॉवेलवर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, मुलीला आपण सांगतो की झाडायचं नसेल तर ट्रिगरला बोट लावायचं नाही. आणि आपण दोघं दर पंधरा दिवसांनी घरात बसून तेच करतो." मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि दारात उभी होती. माझ्याकडे उत्तर होतं, चेंबर रिकामं आहे वगैरे. पण ते उत्तर मला त्या दारात उभ्या असलेल्या पोरीला समजावून सांगता येईना. नियम सांगायचा आणि लगेच त्याचा अपवाद शिकवायचा, हे मला जमत नाही.

सिगचं तसं नाही. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे अडकवायची. चेंबर तुमच्या डोळ्यांसमोर उघडंच असतं. तशा उघड्या अवस्थेतच बाजूची कळ फिरवायची आणि स्लाइड सावकाश पुढे काढून घ्यायची. ट्रिगरला बोट लागतच नाही. बायकोने पहिल्याच दिवशी न अडखळता केलं. तेव्हापासून रविवारचं ते काम तीच करते, मी फक्त तेलाची बाटली धरतो.

ग्लॉकची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात, डीएकेचे शोधावे लागतात. .४०ची काडतुसं नाइन एमएमपेक्षा महाग पडतात. ग्लॉक २२मध्ये नाइन एमएमची कन्व्हर्जन नळी आणि मॅगझिन घातलं की सराव स्वस्तात होतो, पी२२९मध्ये ते इतकं सरळ नाही. हातमोजे घालून, पावसात, चिखलात वापरायचं असेल, घरात लहान मूल नसेल आणि पिस्तूल उघडणारे हात एकाच माणसाचे असतील, तर शंभर डॉलर वाचवून ग्लॉक घेतलेलं मला तरी गैर वाटत नाही.

एक गोष्ट खरेदीआधीच मनाशी ठरवा. हे पिस्तूल तुमच्याकडून पुढे कुठे जाणार? २०२४ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी शोधून काढलं की २००६पासून पोलिसांची ५२ हजारांहून जास्त जुनी शस्त्रं गुन्ह्यांच्या तपासात सापडली आहेत. ते वाचून मी दोन दिवस बेचैन होतो. माझे सासरे महाराष्ट्र पोलिसांत हवालदार होते. सरकारी शस्त्र शस्त्रागारातून सही करून घ्यायचं आणि सही करून परत द्यायचं, इतकंच त्यांना ठाऊक. पोलिसाचं पिस्तूल दुकानात विकायला येतं हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "जपून ठेव आणि कुणाला देऊ नकोस." टेक्सासमध्ये खासगी विक्रीला पार्श्वभूमीची तपासणी बंधनकारक नाही. तरीही माझं ग्लॉक मी ओळखीतल्या माणसाला न देता डीलरकडेच दिलं, कमी पैसे घेऊन. म्हणजे पुढच्या माणसालाही फॉर्म भरावाच लागेल. आणि तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्या. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ते ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

एवढं सांगूनही निवड तुमचीच आहे, तुमचा हात आणि तुमचं घर वेगळं असेल. दुकानात गेलात की दोन्ही काउंटरवर मागा आणि दोन्ही उघडून दाखवायला सांगा. मग दुकानदाराच्या परवानगीने तुम्ही स्वतः उघडा. आणि घरी ज्यांच्यासोबत राहता त्यांना बरोबर न्या, त्यांच्याही हातात द्या.