भाजल्यानंतर: पुन्हा भट्टी की स्टोअर?

भाचा हिंगणा एमआयडीसीत आहे. दोन्ही हात भाजून आठ महिने झाले. विचारतो, "मामा, भट्टीवर परत जाऊ की स्टोअरचं काम घेऊ?"

पैशात भट्टी सरस, ओव्हरटाइम मिळतो. पण खरा प्रश्न कातडीचा आहे, बाबा. कलम केलेल्या, म्हणजे अंगावरची दुसरीकडची काढून लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, अंग तापतं. त्यात नागपूरचा मे, पारा ४५ वर, आणि दिवसाचे २३ तास घालायचे घट्ट प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारे कपडे. मी भाजलो होतो तेव्हा अशी खाज सुटायची की हातातला पाना गळून पडायचा. व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

स्टोअरमध्ये सावली आहे, मधेच तेल चोळता येतं. मात्र नुसतं रजिस्टर लिहीत बसलास तर बोटं आखडतील. व्यायाम चुकवू नकोस.

कामावरच भाजलास आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे, म्हणजे डॉक्टरांच्या रजेत साधारण ९० टक्के मजुरी मिळते. घाई कशाला?

मूठ पूर्ण मिटते, झोप लागते, जाळ पाहून छाती धडधडत नाही, त्याने दिवाळीनंतर भट्टी धरावी, तीही आधी अर्धा दिवस. तुझी मूठ अजून मिटत नाही. तू स्टोअर घे.